शाळेच्या आवारातील कण्हेर

आपल्या जिल्ह्यात घाटावर असो वा घाटाखाली, उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या बागेस पाणी घालणारे सहसा कोणी नसते. पावसाळ्याच्या तोंडी शाळा उघडते तेव्हा पुष्कळशी रोपे वाळलेली आढळतात. हिरवी आणि फुललेली असते ती कण्हेर. शेळ्याही तिच्या ओल्या पानांना सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणून कुंपणाच्या कडेने ती लावण्याकडे शिक्षकबंधुभगिनींचा कल होतो, आणि तो अकारण नाही.

या चिवटपणाचे रहस्य पानात आहे. पान जाड व चिवट असून त्याच्या पाठीवर सूक्ष्म खळगे असतात. खळग्यांत बारीक लव असते व पर्णरंध्रे त्या लवेच्या आड दडलेली असतात. त्यामुळे तप्त वारा सुटला तरी पानातील ओल फारशी उडून जात नाही.

लागवड सोपी आहे. पावसाच्या आरंभी पक्व फांदीची वीतभर काडी घ्यावी, खालची पाने काढावीत व दोन डोळे मातीत जातील अशी रोवावी. काळ्या जमिनीत पाणी साचते, तेथे खड्ड्यात मुरूम घालावा. फुले नव्या फुटीवर येतात, यास्तव बहर ओसरल्यावर छाटणी करावी.

परंतु छाटणीपाशीच खरी चिंता उत्पन्न होते. कण्हेरीच्या मुळापासून फुलापर्यंत सर्वांगात विष आहे. ते हृदयावर परिणाम करते. वांत्या होतात, नाडी मंद व अनियमित होते, प्रसंगी मृत्यू ओढवतो. पान वाळले तरी विष जात नाही. छाटलेल्या फांद्या कडब्यात मिसळल्या तर गुरे दगावतात. त्यांचा धूरही अपायकारक असल्याने पोषण आहाराच्या चुलीत त्या कदापि घालू नयेत; खोल खड्ड्यात पुराव्यात. छाटणी मोठ्यांनीच करावी व नंतर हात स्वच्छ धुवावेत.

पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, ती मूळची अमेरिकेतील निराळी वनस्पती होय. तिच्या बिया फार विषारी, आणि मुले नेमक्या त्याच खेळावयास घेतात! ती आवारात नसलेलीच बरी.

जेथे आवारातच अंगणवाडी भरते, तेथे आमच्या मते तांबडी-पांढरी कण्हेरही लावू नये. तेथे मुलांच्या हात धुण्याच्या पाण्यावर जास्वंद लावावी. तीही बारमास हिरवी असते. मात्र सुटीतील पाण्याची सोय आधी करावी लागेल.

मुलाने पान वा बी चघळल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि त्या झाडाची डहाळी डॉक्टरांस दाखविण्यासाठी सोबत द्यावी.