कचरा साठ्याजवळील निरीक्षण विहिरींतून भूजलाचे नमुने घेण्याची पद्धती : पांढुर्णा व सौंसर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर या तहसिली वेगळ्या काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. संत्री व कापूस पिकविणाऱ्या या मराठीभाषक भागात पिण्याचे पाणी आणि बागांचे ओलित बऱ्याच अंशी विहिरी व बोअरवर अवलंबून आहे. दुसरीकडे गावांचा कचरा वाढत आहे आणि सौंसर तहसिलीत बोरगावचे औद्योगिक क्षेत्र आहे. येथील अमुक जागा दूषित आहे असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे नाही. परंतु कचऱ्याच्या साठ्याखालचे पाणी तपासावयाची वेळ आली तर ते कसे तपासावे, हे या भागातील शिक्षक, विद्यार्थी व नगरसेवकांना ठाऊक असणे आवश्यक आहे. कारण नमुना घेताना जी चूक होते ती प्रयोगशाळेतील महागडे यंत्रही दुरुस्त करू शकत नाही. अहवालात आकडा येतो, त्यावर शिक्का असतो, आणि तो आकडा खऱ्या भूजलाचा नसतो.

भोपाळचा अनुभव

आपल्याच राज्यातील भोपाळचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्रीची वायुगळती सर्वांना माहीत आहे. तथापि युनियन कार्बाइडच्या आवारातील रासायनिक कचरा व 1977 मध्ये आवाराबाहेर बांधलेली बाष्पीभवनाची तळी यांचा प्रश्न त्याहून जुना आहे. नागपूरच्या नीरी या संस्थेच्या 1997 च्या अहवालाचा सूर असा होता की, एकंदरीत भूजल कारखान्यामुळे दूषित झालेले नाही. 1999 मध्ये ग्रीनपीसने आसपासच्या विहिरींत क्लोरीनयुक्त द्रावके आढळल्याचे प्रसिद्ध केले. मे 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील वस्त्यांना शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश राज्य शासनास दिला. त्यानंतरही 2009 व 2010 मध्ये निरनिराळ्या संस्थांचे अहवाल आले आणि दूषण किती, कोठपर्यंत, यावर एकमत झाले नाही.

सामान्य नागरिक अशा वेळी विचारतो की खोटे कोण बोलत आहे? प्रस्तुत लेखकाच्या मते त्याआधी वेगळा प्रश्न विचारावयास हवा : नमुने कोणत्या विहिरीतून, किती खोलीवरून, कोणत्या महिन्यात व कशा रीतीने घेतले? हे समजल्याशिवाय दोन अहवालांची तुलनाच होऊ शकत नाही. जानेवारी 2025 मध्ये तेथील सुमारे 337 टन कचरा पिथमपूरला नेण्यात आला व जूनअखेर तो जाळण्यात आला. मात्र तो जमिनीवर साठविलेला कचरा होता. मातीत व पाण्यात मुरलेले द्रव्य त्याबरोबर गेले नाही, म्हणून भोपाळच्या विहिरींचे नमुने घेण्याचे काम संपलेले नाही.

निरीक्षण विहीर म्हणजे काय ?

पाणी तपासावयाचे म्हटले की आपण जवळच्या विहिरीत बादली सोडतो. शेतातील विहीर व निरीक्षण विहीर या भिन्न वस्तू आहेत. निरीक्षण विहीर साधारणतः अरुंद असते. तिच्यात पाईप बसविलेला असतो आणि ज्या थरातील पाणी पाहावयाचे त्या थरासमोरच पाईपला बारीक चिरा असतात. चिरांभोवती स्वच्छ वाळू भरतात. वर बेंटोनाइट मातीचा बूच बसवितात, जेणेकरून पावसाचे व वरच्या थरांचे पाणी पाईपच्या कडेने खाली उतरू नये. तोंडाला कुलूप असते. अशी किमान एक विहीर कचऱ्याच्या वरच्या अंगास, म्हणजे भूजल जिकडून येते तिकडे, आणि निदान दोन-तीन खालच्या अंगास असाव्या लागतात. वरची विहीर नसेल तर खालच्या विहिरीतील क्षार कचऱ्याचे की जमिनीचे, हे सांगता येत नाही. तीन विहिरींतील पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या संदर्भात मोजली की प्रवाहाची दिशा ढोबळमानाने काढता येते.

ढोबळमानाने असे म्हणण्यास कारण आहे. पांढुर्णा परिसर दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या खडकात पाणी वाळूतल्यासारखे सर्वत्र सारखे पसरत नाही. ते मुरमातून, सांध्यांतून, भेगांतून आणि लाव्हाच्या दोन थरांमधील फटीतून वाहते. कचऱ्याला लागून खोदलेली विहीर भेगेवर न लागल्यास निर्मळ दिसेल आणि दूरची विहीर दूषित निघेल. म्हणून खोदण्यापूर्वी जमिनीची विद्युत-रोध पद्धतीने पाहणी करणे हिताचे असते. नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोजवळ या पद्धतीने व भूवेधी रडारने केलेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

साचलेले पाणी व उपसा

विहिरीच्या पाईपमध्ये उभे असलेले पाणी म्हणजे भूजल नव्हे. ते हवेच्या संपर्कात असते. त्यातील वायुरूप होणारी द्रव्ये उडून जातात, लोह गंजाच्या रूपाने खाली बसते, सामू बदलतो. म्हणून आधी उपसा करून थरातील ताजे पाणी पाईपमध्ये आणावे लागते. उपशापूर्वी पाईपच्या तोंडावर खूण केलेल्या एकाच ठिकाणापासून पाण्याची पातळी सेंटिमीटरपर्यंत मोजून नोंदवावी. विहिरीची एकूण खोलीही मोजावी. तळाशी गाळ साचला असेल तर ती कमी भरते.

जुना नियम असा की पाईपमधील पाण्याच्या तिप्पट पाणी काढावे. 10 सेंटिमीटर व्यासाच्या पाईपमध्ये दर मीटरला सुमारे 7.85 लिटर पाणी मावते. पाण्याचा स्तंभ 12 मीटर असेल तर 94 लिटर, आणि तिप्पट म्हणजे सुमारे 283 लिटर. हेच गणित बागेतील विहिरीला लावून पाहावे. 5 मीटर व्यास व 4 मीटर पाणी असेल तर एकट्या विहिरीत 78,500 लिटर पाणी असते. तिप्पट उपसा 2 लाख 35 हजार लिटरांच्या वर जातो. उन्हाळ्यात कोणता शेतकरी त्यास मान्यता देईल ? शेतातील विहिरीचा नमुना निरुपयोगी असतो असे नाही. लोक काय पितात हे त्यावरून कळते. कचऱ्याखालून काय वाहते हे मात्र त्यावरून कळत नाही.

केवळ तिप्पट मोजून थांबण्यापेक्षा पाणी स्थिर झाले की नाही ते पाहणे अधिक शास्त्रीय होय. दर तीन ते पाच मिनिटांनी सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू व गढूळपणा मोजतात. लागोपाठ तीन वाचनांत सामू 0.1 च्या आत, वाहकता 3 टक्क्यांच्या आत आणि प्राणवायू व गढूळपणा 10 टक्क्यांच्या आत राहिला की नमुना घेतात. 1990 च्या दशकापासून मंद उपशाची पद्धत रूढ झाली. तीत मिनिटाला 100 ते 500 मिलिलिटर इतकेच पाणी काढतात, जेणेकरून विहिरीतील पातळी खाली जात नाही व गाळ ढवळला जात नाही. आपल्याकडे वेळ वाचविण्यासाठी मोठा पंप लावून विहीर कोरडी करतात व भरत आलेले पाणी बाटलीत घेतात. कठीण खडकात विहीर हळू भरते. भेगांतून खळखळत पडणारे पाणी हवेत मिसळते आणि कार्बन टेट्राक्लोराइडसारखी द्रव्ये बाटलीत येण्याआधीच उडून जातात. अशा अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहून येते. दूषित विहिरीतून उपसलेले पाणी नालीत सोडणेही योग्य नव्हे. ते पिंपात साठवून त्याची वेगळी विल्हेवाट लावावी.

बाटली, क्रम व नोंद

सर्वप्रथम वरच्या अंगाची स्वच्छ विहीर, नंतर कमी दूषित व शेवटी सर्वात दूषित, असा क्रम ठेवावा. बाटल्यांतही उडून जाणाऱ्या द्रव्यांची 40 मिलिलिटरची काचेची कुपी आधी भरावी. तिच्यात हवेचा बुडबुडाही राहता कामा नये. कुपी उलटी करून टिचकी मारून पाहणे ही साधी कसोटी आहे. विरघळलेल्या धातूंसाठी पाणी 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून जागेवरच गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालतात व सामू 2 च्या खाली आणतात. सर्व नमुने बर्फात सुमारे 4 अंशांवर ठेवावेत. नायट्रेटची तपासणी 48 तासांच्या आत व्हावयास हवी. पांढुर्ण्याहून नागपूर रेल्वेने किंवा मोटारीने त्याच दिवशी गाठता येते, त्यामुळे ही अट पाळणे कठीण नाही. शुद्ध पाण्याची एक कुपी जाण्यापासून येण्यापर्यंत नमुन्यांसोबत फिरवावी. तिच्यात काही आढळले तर दोष प्रवासाचा आहे. बाटली कोणी भरली, कोणाकडे दिली, किती वाजता, याची सहीनिशी नोंद नसेल तर न्यायालयात त्या आकड्याला किंमत उरत नाही.

सौंसरचा विशेष : मँगनीज

सौंसर हे नाव भूशास्त्रात एका खडक-समूहाला दिलेले आहे. ‘सौंसर गट’ म्हणून तो ओळखला जातो आणि मँगनीजच्या खनिजासाठी प्रसिद्ध आहे. भारतीय मानक 10500 (2012) नुसार पिण्याच्या पाण्यात मँगनीजची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम व पर्यायी पाणी नसल्यास 0.3 मिलिग्रॅम आहे. येथील पाण्यात ती ओलांडली गेली तर लगेच कचऱ्याकडे बोट दाखविणे घाईचे ठरेल. गढूळ नमुना न गाळताच त्यात आम्ल घातल्यास मातीच्या कणांतील मँगनीज पाण्यात उतरते आणि आकडा फुगतो. याउलट ‘हे तर खडकातले’ म्हणून सोडून देणेही चूक. कुजणारा कचरा पाण्यातील प्राणवायू संपवितो आणि प्राणवायू नसलेल्या पाण्यात खडकातील मँगनीज अधिक विरघळते. म्हणजे मँगनीज खडकाचे, पण ते सोडविणारा कचरा ! हा भेद करण्यासाठी वरच्या व खालच्या विहिरींतील प्राणवायू, क्लोराइड व अमोनिया यांचे आकडे मँगनीजशेजारी ठेवून पाहावे लागतात. नायट्रेटचेही असेच आहे. मानकात त्याची मर्यादा 45 मिलिग्रॅम आहे आणि संत्र्याच्या बागेतील खतामुळेही ते वाढू शकते.

घनकचऱ्याच्या 2000 च्या नियमांत भरावभूमी सुरू करण्याआधीच परिसरातील भूजलाची मूळ स्थिती तपासून नोंद ठेवावी, आणि पुढे हद्दीपासून 50 मीटरच्या आत उन्हाळा, पावसाळा व पावसाळ्यानंतर अशी तपासणी करावी, असे सांगितले होते. 2016 च्या नियमांतही ही तरतूद कायम होती. काळ्या पाषाणात तिन्ही ऋतूंचे महत्त्व विशेष आहे. मे महिन्यात पातळी खोल जाते व कचऱ्याचा तळ कोरडा राहतो. सप्टेंबरमध्ये तीच पातळी मुरमापर्यंत चढून कचऱ्याला टेकू शकते. केवळ मे महिन्यात घेतलेल्या नमुन्यावरून कचऱ्याला निर्दोष ठरविणारा अहवाल हाती आल्यास, सप्टेंबरचे आकडे कोठे आहेत, हे नगरपालिकेच्या सभेत कोणीही विचारू शकतो.