पन्नास हर्ट्झची घरघर

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या एका बोळातलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद झालं. मिस्त्री ऐंशीच्या पुढे गेले, हात थरथरायला लागला, डाग नीट बसेना. त्यांनी जागा मालकाच्या ताब्यात दिली. आणि त्याच रविवारी माझ्या भाच्यानं पंचेचाळीस हजारांची तार आणली. स्पीकरची नव्हे. भिंतीतल्या प्लगपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाणारी, दीड मीटरची. विजेतला सगळा कचरा ही तार गाळून टाकते, असं त्याला शोरूममध्ये सांगितलं होतं. "मामा, तुमचा कान तयार आहे, तुम्हीच सांगा," म्हणाला. मी तासभर ऐकलं. मग त्याला पाठ करून बसवलं, आणि कधी जुनी, कधी नवी तार लावून ओळखायला सांगितलं. त्याला ओळखता आलं नाही. मग जागा बदलल्या, मलाही आलं नाही. पोराचा चेहरा उतरला. त्या उतरलेल्या चेहऱ्यासाठी हे लिहितो आहे.

साठ-सत्तरच्या दशकांबद्दल विजेच्या घरघरीच्या बाबतीत सांगण्यासारखं थोडं आहे. वाड्यात दोन पिनांचे प्लग, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि कपाटावर व्हॉल्व्हचा रेडिओ. शेजारी कोणी मिक्सर लावला की खरखर यायची, मिक्सर थांबला की जायची. कोणाची तक्रार नसे.

खरा काळ म्हणजे 1984 ते 1994. पगारातून साठवून मी अ‍ॅम्प्लिफायर घेतला, रेकॉर्ड-प्लेअर घेतला, आणि पहिल्याच दिवशी गाण्याच्या खालून ती आली: घूंऽऽ अशी एकसुरी घरघर. आपल्याकडची वीज 230 व्होल्टची, सेकंदाला 50 आवर्तनांची. ती यंत्रात एकदिश झाली, की उरलेली लहर 100 ची होते. म्हणजे घरघर बहुधा या दोन सुरांची. काळी एकचा षड्ज धरला, तर तंबोऱ्याचा खर्ज साधारण 69 हर्ट्झवर येतो. त्याच्याशी 100 चा सूर ताडून पाहा: तीव्र मध्यमापेक्षा किंचित चढा, पंचमाच्या बराच खाली. शुद्ध मध्यमाचा राग लावला असेल, तर शेजारी कोणी तरी अखंड बेसूर आकार लावून बसल्यासारखं वाटतं. ज्याला तंबोऱ्यात बसायची सवय आहे, त्याला हा छळ समजेल.

दुकानात दाखवायला नेलं, तर तिथल्या माणसानं उपाय सांगितला: प्लगची मोठी पिन, म्हणजे अर्थची, काढून टाका. मी काढली. घरघर गेली. पावसाळ्यात आई ओल्या फडक्यानं अ‍ॅम्प्लिफायर पुसत होती, तेव्हा तिच्या हाताला झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला, तर डब्यावर दिवा मिणमिणत होता. त्या दुकानात मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. चाळीस वर्षं झाली, राग गेलेला नाही. अर्थची पिन माणसाचा जीव वाचवायला असते, आणि आवाज सुधारण्याच्या नावाखाली ती मोडायला सांगणारे आजही आहेत.

त्यानंतर बुधवार पेठेतले ते मिस्त्री भेटले. ते आधी काहीच उघडत नसत. व्हॉल्यूम पूर्ण खाली करायला सांगत. घरघर तरीही तेवढीच राहिली, तर दोष आतल्या पॉवर सप्लायचा. बहुतेक वेळा म्हातारा झालेला मोठा कंडेन्सर. व्हॉल्यूमबरोबर वाढली, तर ती पुढून, म्हणजे प्लेअरकडून किंवा तारेतून येते आहे. मग एकेक जोड काढायचा. माझ्या बाबतीत सापडलं ते असं: रेकॉर्ड-प्लेअरच्या मागून एक केसासारखी बारीक हिरवी तार येते, टोकाला पितळी चिमटा असतो. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूखाली आवळायची असते. माझी तार चिमट्याच्या बुंध्याशी तुटली होती, वरून प्लास्टिक मात्र शाबूत. मिस्त्रींनी अर्ध्या मिनिटात डाग दिला, फुंकर मारली, स्क्रू आवळला. शांतता झाली. पाच रुपये घेतले.

एवढ्याशा तारेचं महत्त्व का, तेही त्यांनीच समजावलं. रेकॉर्डच्या सुईतून निघणारा सिग्नल जेमतेम पाच मिलिव्होल्ट. सीडी प्लेअर देतो दोन व्होल्ट, म्हणजे चारशेपट. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात, ऐकताना अ‍ॅम्प्लिफायर ते उचलून देतो. 50 हर्ट्झपाशी ही उचल मधल्या सुरांच्या मानानं सुमारे सातपट. विजेची घरघर नेमकी तिथेच बसलेली. म्हणजे गाणं मोठं करताना शत्रूही मोठा होतो.

जानेवारी 1992 मध्ये कुमार गंधर्व गेले. त्या आठवड्यात आमच्याकडे चार-पाच जण जमले, त्यांच्या रेकॉर्ड ऐकायला. सुई टेकवली आणि घरघर परत आलेली. हिरवी तार जागेवर होती, अर्थिंग ठीक होतं. कोणी काही बोललं नाही, पण तंबोऱ्याच्या जागी ती घूं घूं ऐकत बसणं मला सहन होईना. दुसऱ्या दिवशी मिस्त्री घरी आले, चहा घेता घेता त्यांची नजर टीव्हीकडे गेली. "केबल कधी घेतली?" दिवाळीतच घेतली होती, आणि टीव्हीचा आवाज मोठ्या स्पीकरवर यावा म्हणून मी टीव्ही अ‍ॅम्प्लिफायरला जोडला होता. केबलची जाळीची तार गच्च्यांवरून, दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीची अर्थ घेऊन येत होती. आमच्या घराची अर्थ वेगळी. दोन अर्थांमध्ये थोडा जरी दाब असला, तरी त्या जाळीतून प्रवाह फिरत राहतो आणि गाण्यात उतरतो. केबल उपसली, घरघर गेली. मग त्यांनी टीव्हीच्या अँटेनाला लावतात तसले दोन बॅलन पाठीला पाठ लावून केबलच्या मधे बसवले. चित्र येत राहिलं, अर्थ तुटली. संध्याकाळी मी एकटाच बसून ती रेकॉर्ड पुन्हा लावली. सुई टेकण्याच्या आधीची ती शांतता मला अजून आठवते.

उन्हाळ्यात घरघर पुन्हा थोडी डोकं वर काढायची. पुण्याचा काळा खडक, मे महिन्यात माती कोरडी ठणठणीत. मिस्त्रींच्या सांगण्यावरून मी इमारतीच्या मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात, कोळसा आणि मीठ भरलेल्या त्या पाइपात, आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचो. शेजारी विचारायचे, इथे काय लावलंय? काही लावलं नव्हतं. पाणी मुरलं की फरक ऐकू यायचा.

पुढची वीस वर्षं मी भरभर ओलांडतो. कॅसेट गेली, सीडी आली आणि गेली, रेकॉर्ड रद्दीवाल्याकडे गेल्या. लोडशेडिंगच्या दिवसांत घरोघरी स्वस्त इन्व्हर्टर आले. त्यांच्या चौकोनी लहरीवर पंखेही कण्हत, ट्रान्सफॉर्मर तर गुरगुरायचेच. वीज परत आली की आम्ही ते विसरून जायचो.

आता रेकॉर्ड परत आल्या आहेत. विजेतला कचराही वाढला आहे, यात शोरूमवाला खोटं बोलत नाही. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, या सगळ्यांच्या पोटात हजारो हर्ट्झनं उघडझाप करणारे स्विच आहेत. 792 किलोहर्ट्झवरचं पुणे आकाशवाणीचं केंद्र माझ्या दिवाणखान्यात ट्रान्झिस्टरवर लावलं, तर खरखरीखाली बुडतं. दिवे बंद केले की वर येतं. लॅपटॉप चार्जरला लावून अ‍ॅम्प्लिफायरला जोडा, कधीकधी बारीक किणकिण ऐकू येते. चार्जर काढा, जाते. हा त्रास खरा आहे आणि तो घालवला की गाणं नक्की सुधारतं.

पण भाच्याच्या घरात असं काहीच ऐकू येत नव्हतं. ट्वीटरला कान लावला तरी फक्त हलकी फुस्स होती, जी प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची असते. कितीतरी किलोमीटर अ‍ॅल्युमिनियमच्या तारांतून आलेली वीज शेवटच्या दीड मीटरमध्ये शुद्ध होत नसते. आणि आत गेल्यावर ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, कंडेन्सर तिला एकदिश करून गाळतातच. ते त्यांचंच काम. जी घरघर ऐकू येते, तिला कारण असतं, ते सापडतं आणि बहुधा शंभर-दोनशे रुपयांत मिटतं. जी ऐकूच येत नाही, तिच्यासाठी पंचेचाळीस हजार घेणं ही लूट आहे. पूर्वी आमच्या शहरात हे सांगणारा माणूस बोळात बसलेला असायचा. आता त्याच्या जागी विकणारा माणूस बसला आहे, आणि त्याला व्हॉल्यूम खाली करून पाहायचं सुचत नाही.

भाच्यानं तार परत केली. दुकानानं पैसे दिले नाहीत, कूपन दिलं.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. गाण्याच्या खाली घरघर ऐकू येत असेल, तर आधी सगळे जोड एकेक करून काढून पाहा, हिरवी तार तपासा, चार्जर उपसा. तरीही राहिली, तर लायसन्सवाल्या वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग मोजून घ्या. अर्थची पिन मोडू नका. आणि तुमच्या गावात डाग देणारा मिस्त्री अजून दुकान उघडत असेल, तर पुढच्या वेळी यंत्र त्याच्याकडेच न्या.