शांत ग्राफिक्स कार्डसाठी वेगळा कूलर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गेम सुरू होऊन पाच मिनिटं झाली की कॅबिनेटमधून उठणारा घोंघाट अनेकांच्या ओळखीचा आहे. रात्री व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला, घरीच ध्वनिमुद्रण करणाऱ्याला किंवा बाकीचे झोपले असताना त्याच खोलीत काम करणाऱ्याला तो फार त्रासदायक होतो. कार्डाचा मूळ कूलर काढून त्याजागी मोठा, शांत कूलर बसवणं हा त्यावरचा खरा आणि आजमावलेला उपाय आहे. पण अर्धवट माहितीवर केलेल्या बदलामुळे चांगल्या कूलरखालीही कार्ड तापतं, कधी कायमचं बिघडतं. ग्राफिक्स कार्ड ही घरातली महागडी वस्तू असते, म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी हे गैरसमज दूर झालेले बरे.

गैरसमज १: मोठा पंखा म्हणजे मोठा आवाज.

वस्तुस्थिती: घरातला छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेऊन अख्ख्या खोलीला वारा देतो, कारण त्याचा घेर मोठा असतो. कार्डावरच्या ९० मिमी पंख्याला भर कामात दोन हजारांच्या घरात फिरावं लागतं आणि घोंघाट त्या वेगातून येतो. पंख्याच्या घडणीत फरक नसेल तर हवेचं प्रमाण वेगाच्या पटीत, पण व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतं. त्यामुळे ९० मिमीचा पंखा २,००० फेऱ्यांना जेवढी हवा देतो, तेवढी १२० मिमीचा पंखा सुमारे ८५० फेऱ्यांतच देतो. व्यास वाढल्यानं आवाजात पडणारी भर धरूनही हा हिशोब साधारण १० डेसिबलच्या घटीवर येतो, आणि एवढी घट कानाला आवाज निम्मा झाल्यासारखी वाटते.

यात एक अट आहे. सावकाश फिरणाऱ्या पंख्याचा दाब कमी असतो. हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या सांगाड्याच्या, पात्या अगदी दाट असतील तर ती हवा आत शिरतच नाही, बाजूला पसरते. म्हणून शांत वापरासाठी मोठं क्षेत्रफळ आणि पात्यांमध्ये मोकळी फट, असं दोन्ही पाहावं. उष्णता वाहून नेणाऱ्या १२ नळ्यांचा, म्हणजे हीटपाइपचा, रायजिनटेक मॉर्फियस याच विचारानं घडलेला आहे. तो पंख्यांशिवाय विकला जातो आणि आपल्या पसंतीचे १२० मिमीचे दोन पंखे त्यावर बसवायचे असतात. आर्क्टिकचा अ‍ॅक्सेलेरो एस-१ तर कमी वीज खाणाऱ्या कार्डांवर पंख्याशिवायही वापरला गेला.

गैरसमज २: ७५ अंश तापमान म्हणजे कार्ड जळायच्या बेतात.

वस्तुस्थिती: एनव्हिडियानं जीटीएक्स १०८० साठी कमाल ९४ अंश सेल्सिअस आणि आरटीएक्स ३०८० साठी ९३ अंशांची मर्यादा दिली आहे. एएमडीच्या आरएक्स ५७०० एक्सटीमध्ये चिपवरच्या सर्वांत तापलेल्या बिंदूला ११० अंशांपर्यंत मुभा आहे. मर्यादा जवळ आली की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. त्यामुळे ७० ते ७५ अंशांवर चालणारं कार्ड निर्धास्त असतं. शांतता मिळवायची तर तापमान ५५ अंशांवर आणण्याचा हट्ट सोडावा लागतो. ते वीस अंश उतरवण्यासाठी पंखे जो आरडाओरडा करतात, त्यातून कार्डाची कामगिरी फारशी वाढत नाही.

मात्र आपल्याकडचा उन्हाळा हिशोबात धरायला हवा. कूलर तापमान उतरवतो ते भोवतालच्या हवेच्या तुलनेत. समजा, एखादा कूलर १८० वॅटच्या कार्डाला आतल्या हवेपेक्षा ३६ अंश वर ठेवतो. पुण्यात डिसेंबरमध्ये कॅबिनेटच्या आत ३० अंश असतील तर चिप ६६ अंशांवर राहील. मे महिन्यात नागपुरात किंवा चंद्रपुरात खोलीच ४० अंशांवर आणि कॅबिनेटची आतली हवा ४७ वर गेली, की तीच चिप त्याच कूलरखाली ८३ अंश गाठेल. थंड देशांतल्या चाचण्यांचे आकडे वाचताना आपल्या गावचा हा फरक मिळवून घ्यावा.

गैरसमज ३: कार्ड गार राहिलं की खोलीही कमी तापेल.

वस्तुस्थिती: १८० वॅट खाणारं कार्ड जवळपास १८० वॅट उष्णता बाहेर टाकणारच. कूलर ती उष्णता चिपपासून दूर नेतो, नाहीशी करत नाही. उलट एका बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागते. जीटीएक्स १०८० च्या फाउंडर्स एडिशनसारखी ब्लोअर कार्डं गरम हवा मागच्या जाळीतून थेट कॅबिनेटबाहेर फेकतात. त्यांच्यावर उघडा कूलर बसवला की ती सगळी हवा आतच फिरते आणि प्रोसेसरही तापू लागतो. समोरून हवा आत घेणारे दोन सावकाश पंखे आणि मागून बाहेर टाकणारा एक, एवढी सोय नसेल तर मोठा कूलरही हतबल होतो.

गैरसमज ४: कूलर चांगल्या कंपनीचा असला की कोणत्याही कार्डावर बसतो.

वस्तुस्थिती: सर्वाधिक पैसे याच समजुतीपायी वाया जातात. चिपभोवतीच्या चार भोकांमधलं अंतर कार्डागणिक बदलतं. एकाच मॉडेलची कार्डं वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या बोर्डांवर बनवतात, त्यामुळे ‘१०८० ला चालतो’ एवढं वाचून भागत नाही. कूलरच्या यादीत आपल्याच बोर्डाची नोंद आहे का पाहावं. नसेल तर भोकाच्या मध्यापासून शेजारच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून ते कूलरच्या तपशिलाशी पडताळावं.

मग उंचीचा प्रश्न येतो. चिपजवळचे उंच कपॅसिटर किंवा चोक (तारेचं वेटोळं असलेले भाग) हीटपाइपला टेकत असतील तर कूलरचा तळ चिपवर नीट बसणार नाही. वीज जोडणीचा सॉकेट आणि मागच्या बाजूचे डिस्प्ले पोर्ट पात्यांना अडतात का, तेही पाहावं. जाडीही मोजावी. कॅबिनेटमधल्या एका स्लॉटची जागा सुमारे २० मिमी असते. मॉर्फियससारख्या हीटसिंकवर २५ मिमी जाडीचे पंखे बसवले की चारेक स्लॉट सहज व्यापले जातात. खाली साउंड कार्ड असेल किंवा एसएमपीएसचं आवरण जवळ असेल, तर पंख्याला हवा ओढायला जागाच उरत नाही. शिवाय हे सगळं वजन एका स्लॉटवर लोंबकळतं, म्हणून खालून आधार द्यावा.

आणखी एक वास्तव असं की कार्डांचे मूळ कूलरच अवाढव्य झाल्यापासून नव्या कार्डांसाठी स्वतंत्र कूलर मोजकेच बनतात. जुन्या कार्डांसाठीचे बरेच कूलर वापरलेल्या मालातच मिळतात. तसा कूलर घेताना त्याच्या कंसपट्ट्या, स्प्रिंगचे स्क्रू आणि प्लास्टिकचे वॉशर पेटीत आहेत का, हे पैसे देण्याआधी तपासावं.

गैरसमज ५: मुख्य चिप गार राहिली म्हणजे झालं.

वस्तुस्थिती: मुख्य चिपच्या भोवती मेमरीच्या चिप असतात आणि कडेला वीज नियंत्रित करणारे मॉसफेट, म्हणजे व्हीआरएम. हा भाग एसएमपीएसकडून आलेली १२ व्होल्टची वीज सुमारे एका व्होल्टवर आणून चिपला देतो. १८० वॅटच्या कार्डात त्यातून शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह वाहतो, तेव्हा तो तापणारच. मूळ कूलरचा सांगाडा थर्मल पॅडच्या मदतीनं या भागांचीही उष्णता शोषून घेत असतो. तो काढला आणि नवा कूलर फक्त मुख्य चिपवर टेकला, तर पडद्यावर ६० अंश दिसत असताना व्हीआरएम होरपळत असतो.

म्हणून या भागांसाठी स्वतंत्र छोटे हीटसिंक लावावे लागतात. जुन्या काही संचांत त्यासाठी दोन भाग मिसळून करायचा गोंद येत असे. तो वाळला की हीटसिंक ओढून काढताना मेमरीची चिप बोर्डापासून सुटण्याचा धोका असतो. त्यापेक्षा चिकट थर्मल टेप बरी, पण चिपचा पृष्ठभाग आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्यायला हवा. कार्डावरून सुटलेला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा खालच्या बोर्डावर पडला तर शॉर्ट होऊ शकतो. काही कार्डांत मेमरी आणि व्हीआरएम झाकणारी धातूची पट्टी वेगळी काढता येते. तसं असेल तर ती जागच्या जागी राहू द्यावी आणि तिला न अडणारा कूलर निवडावा.

जीडीडीआर-६-एक्स मेमरी असलेल्या कार्डांबाबत अधिकच सावध राहावं. ही मेमरी ११० अंशांवर पोचली की कार्डाचा वेग उतरतो. आरटीएक्स ३०९० मध्ये २४ पैकी १२ मेमरी चिप बोर्डाच्या मागच्या बाजूला आहेत, जिथे पुढचा कूलर पोचतच नाही. अशा कार्डाचा मूळ हीटसिंक काढूच नये.

गैरसमज ६: पेस्ट जितकी जास्त आणि महाग, तितकं कार्ड गार.

वस्तुस्थिती: पेस्टचं काम चिप आणि कूलरचा तळ यांच्यामधल्या बारीक फटी भरण्याचं. तांब्यातून उष्णता पेस्टच्या कितीतरी पट सहज वाहते, म्हणून थर पातळ हवा. प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, ग्राफिक्स चिप बहुधा उघडीच असते. तिचा कोपरा कोरडा राहिला तर तिथेच ती तापते, म्हणून पेस्ट पूर्ण चिपवर पसरवून घ्यावी. फार पातळ पेस्ट उघड्या चिपवरून तापण्या-निवण्याच्या चक्रात हळूहळू बाहेर सरकते, इथे घट्टसर पेस्ट टिकते. लिक्विड मेटलच्या वाटेला जाऊ नये. त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम पोखरतं, आणि ते विजेचं वाहक असल्यानं सांडलेला एक थेंब कार्ड संपवू शकतो.

पॅडची जाडी पेस्टहून महत्त्वाची. मूळ पॅड १ मिमीचा असताना २ मिमीचा लावला तर कूलर मुख्य चिपवरून उचलला जातो. पातळ लावला तर मेमरीला स्पर्शच होत नाही. चारही स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू आधी घट्ट केली तर उघड्या चिपचा कोपरा तुटू शकतो.

गैरसमज ७: नवे पंखे मदरबोर्डला जोडले की काम संपलं.

वस्तुस्थिती: मदरबोर्ड सहसा प्रोसेसरचं तापमान पाहून पंखे चालवतो. गेममध्ये कार्ड तापलं आणि प्रोसेसर निवांत असला, तर पंखे सुस्तच राहतील. पंखे कार्डावरच्याच पंख्याच्या जोडणीला द्यावेत, म्हणजे कार्डाचं तापमान वेग ठरवेल. कार्डावरचा चार पिनांचा सॉकेट नेहमीच्या पंख्याच्या सॉकेटहून बारीक असतो. त्यासाठी अ‍ॅडाप्टर केबल मिळते, ती घ्यावी. एका जोडणीवर दोन पंखे लावताना दोघांचे अँपिअर मिळवून पाहावेत. १२० मिमीचे सावकाश पंखे फार कमी वीज घेतात, झगमगते दिवे असलेले पंखे मात्र भार वाढवतात.

गैरसमज ८: कूलर बदलला की कार्डाचा सगळा आवाज जाईल.

वस्तुस्थिती: भार पडला की येणारी चिरचिर किंवा बारीक शिट्टी बहुतेकदा कार्डावरच्या चोकमधून येते. प्रवाहाच्या चढउतारानं चोक कंप पावतो, त्याला पंख्याशी देणंघेणं नाही. गेमच्या मेनूच्या पडद्यावर सेकंदाला फ्रेम शेकड्यांत गेल्या की हा आवाज वाढतो, फ्रेमची मर्यादा घातली की बहुधा उतरतो. म्हणून खरेदीआधी पंख्यांचा वेग बदलू देणाऱ्या आफ्टरबर्नरसारख्या प्रणालीतून कार्डाचे पंखे काही सेकंद अगदी हळू करून ऐकावं. घोंघाट तसाच राहिला तर दोषी एसएमपीएसचा पंखा किंवा हार्ड डिस्क असू शकते.

गैरसमज ९: शांततेची सुरुवात नव्या कूलरपासून होते.

वस्तुस्थिती: सुरुवात उष्णता कमी करण्यापासून होते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग तोच ठेवून व्होल्टेज १.०५ वरून ०.९० वर आणता आलं, तर चिपचा वीजवापर गणितानं चौथ्या हिश्श्याहून अधिक घटतो. प्रत्येक चिपला एवढं जमत नाही, पण थोडा वेग सोडला तर बहुतेकींना बरंच जमतं. त्याच्या जोडीला तापमानानुसार पंख्यांचा वेग ठरवणारा वक्र सौम्य करावा आणि पात्यांतली धूळ काढावी. धूळ फुंकताना पंखा बोटानं धरून ठेवावा.

एवढ्यानं भागलं नाही तर पुढची पायरी म्हणजे मूळ हीटसिंक तसाच ठेवून फक्त त्यावरचं प्लास्टिकचं आवरण आणि लहान पंखे काढणं, आणि त्याजागी १२० मिमीचे दोन पंखे केबल टायनं बांधणं. मेमरी आणि व्हीआरएमचा मूळ बंदोबस्त अभंग राहतो, भोकांची मापं जुळवावी लागत नाहीत, आणि आजच्या मोठ्या हीटसिंकच्या कार्डांवर यातून उत्तम शांतता मिळते. पूर्ण कूलर बदलण्याची खरी गरज उरते ती ब्लोअर कार्डांना आणि तोकड्या हीटसिंकच्या कार्डांना.

वॉरंटीचं कलम मात्र आधीच वाचावं. कूलर काढलेला चालतो की नाही, स्क्रूवरचं स्टिकर फाटलं तर काय, याचे नियम कंपनीगणिक वेगळे आहेत. मूळ कूलर, त्याचे पॅड आणि स्क्रू जपून ठेवावेत. बदल केल्यावर पहिली चाचणी हलक्या भारावर घ्यावी आणि चिपचं सरासरी तापमान, सर्वांत तापलेला बिंदू आणि मेमरी हे तिन्ही आकडे पाहावेत. सरासरी आणि तापलेला बिंदू यांच्यात २५-३० अंशांचं अंतर दिसलं किंवा मिनिटभरात तापमान झपाट्यानं चढलं, तर संगणक बंद करून कूलर पुन्हा बसवावा. व्हीआरएमचा आकडा बऱ्याच कार्डांत दिसतच नाही. म्हणून त्याच्यावर हीटसिंक आहे आणि त्या हीटसिंकवर वारा पोचतो आहे, याची खात्री डोळ्यांनी करावी आणि मगच तासभराच्या गेमसाठी कार्ड मोकळं सोडावं.