गिझरमधला पांढरा चोर

आंघोळीचं पाणी तापायला हल्ली फार वेळ लागतोय? मग तुमच्या बंबात नाहीतर गिझरमध्ये चोर शिरलाय!

केळापूर तालुक्यात (मुख्य गाव पांढरकवडा, बरं का!) पुष्कळ घरी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असतं. पलीकडे वणीच्या बाजूला तर जमिनीत चुनखडीच आहे. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी. त्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर आतून चिकटतो. हा थर उष्णता अडवतो. मग बंबाला लाकडं जास्त लागतात आणि गिझरचं एलिमेंट थराखाली तापून तापून जळतं!

पाणी तापवायच्या पातेल्यातली खपली काढा, वर लिंबू पिळा. बुडबुडे आले? चोर सापडला!

गिझर मात्र तुम्ही उघडायचा नाही. ते काम इलेक्ट्रिशियनचं. आईबाबांना एवढंच विचारा, "सेफ्टी व्हॉल्व्ह शेवटचा कधी तपासला?" तोही या थराने जाम होतो. आतला दाब वाढला की तिथून पाणी बाहेर पडायला हवं. थेंब गळतात म्हणून काहीजण तिथे चक्क बूच ठोकतात! मग वाढलेल्या दाबाने टाकी फुटू शकते.