उकलता येणारं घर

सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातलं जुनं भिल्ल-पावरा घर हलवायचं झालं, तर घण लागत नाही. आधी कौलं उतरवायची. माणसं ओळीने उभी राहतात, कौलं हातोहात खाली येतात, फुटकी तेवढी बाजूला पडतात. मग कामट्या, मग वासे, शेवटी आढं. ते खांबाच्या बेळक्यात नुसतं बसवलेलं असतं. चौघांनी खांदा दिला की सुटतं. बांबूच्या कुडाची शेणमाती मातीला मिळते. सागाचा खांब मात्र आजोबांच्या घरातून नातवाच्या घरात येतो. बुडखा कुजला तर तेवढा कापायचा. खांब वीतभर आखूड होतो, पण वाया जात नाही.

हे एकट्याचं काम नव्हे. सातपुड्यात याला ‘लाह’ म्हणतात. शेजारपाजारच्यांनी मिळून काम करायचं, मजुरी घ्यायची नाही. ज्याचं घर त्याने जेवण घालायचं आणि उद्या दुसऱ्याकडे लाह असली की आपण जायचं. वहीत काही लिहिलेलं नसतं, पण कोण आलं नव्हतं ते सगळ्यांच्या ध्यानात असतं.

सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्राची 33 गावं आली, ती सगळी धडगाव आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतली. 1993 च्या पावसाळ्यात त्यातल्या मणिबेलीत पाणी शिरलं. पुढे तळोदा-शहाद्याच्या वसाहतींकडे निघालेल्या अनेकांनी जमीन मागे सोडली, पण घराची लाकडं बरोबर नेली. त्यात मायेइतकाच हिशेबही होता. जंगलातून नवा साग आणणं कायद्याने अवघड झालेलं. हातातला जुना खांब हीच पुंजी.

आज घरकुल योजनेतून सिमेंटची घरं उभी राहतात. पावसाळ्यात ती सोयीची, दरवर्षी कौलं चाळायची कटकट नाही, हे मान्यच. पण स्लॅब उकलत नाही, फोडावा लागतो. अशा राडारोड्याचं काय करायचं, यासाठी केंद्र सरकारला 2016 मध्ये स्वतंत्र नियम करावे लागले.

वस्तू पुन्हा पुन्हा वापरण्याच्या, म्हणजे चक्रीय अर्थव्यवस्थेच्या चर्चेत भर असतो तो यंत्रांवर आणि कारखान्यांवर. सातपुड्याचा अनुभव साधा आहे: वस्तू पुन्हा वापरात यायची तर तिचा जोड सुटायला हवा, आणि तो सोडवायला शेजारी यायला हवेत. यातली पहिली गोष्ट सुताराच्या हातात असते, दुसरी गावाच्या.