युरोप आणि पूर्व आफ्रिका: भागीदारीत पैसा कोणाच्या खात्यावर?

ठरले होते 25 टक्के, पोहोचले 1.2 टक्के. मे 2016 मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत देणगीदार देश आणि मोठ्या संस्थांनी 'ग्रँड बार्गेन' नावाचा करार केला. आपत्कालीन मदतीचा किमान चौथा हिस्सा 2020 पर्यंत शक्य तितक्या थेट स्थानिक संस्थांच्या हाती द्यायचा, असे त्यात ठरले. 2021 मध्ये थेट पोहोचलेला वाटा सव्वा टक्काही नव्हता. हे आकडे जगभराचे आहेत. पण केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडा इथले गावपातळीवरचे गट आणि त्यांचे युरोपातले सहकारी यांच्यातली विषमताही याच जागी आहे: बँक खाते एकाकडे, काम दुसऱ्याकडे.

यातही काही नाती टिकली आहेत. जर्मनीतल्या वुर्झबर्ग शहराचे टांझानियातल्या म्वांझाशी 1966 पासून नाते आहे. राइनलँड-पॅलेटिनेट या सुमारे 41 लाख वस्तीच्या राज्याने 1982 मध्ये रवांडाशी भागीदारी केली. शाळा शाळेशी, गाव गावाशी जोडले गेले, समन्वयाचे कार्यालय किगालीतच उघडले आणि 2,000 हून अधिक छोटे प्रकल्प उभे राहिले. 1994 च्या रवांडातल्या वंशसंहारात सुमारे 100 दिवसांत आठ लाखांहून अधिक माणसे मारली गेली, त्यानंतरही हे काम पुन्हा सुरू झाले. दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर असला विश्वास उभा राहत नाही.

मात्र नाते जुने आहे म्हणून ते समान होते असे नाही. त्यासाठी अंदाजपत्रक उघडून पाहावे लागते. युरोपीय महासंघाच्या बहुतेक अनुदानांत अप्रत्यक्ष खर्चासाठी थेट खर्चाच्या सात टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. एक लाख युरोंच्या कामावर फार तर सात हजार. संस्थेच्या कार्यालयाचे भाडे, हिशोबनीस असा सर्वसाधारण खर्च त्यातूनच. ही रक्कम युरोपातल्या संस्थेने पूर्ण ठेवून घेतली, तर पावत्या जमवणारा, अहवाल लिहिणारा स्थानिक गट ते काम फुकट करतो. महाराष्ट्रातल्या संस्थांनाही ही ओढाताण ठाऊक आहे: 2020 मध्ये आपल्याकडे परदेशी निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली.

त्याहून कमी बोलले जाते ते चलनाबद्दल. 2022 च्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे 113 केनियन शिलिंग मिळत. जानेवारी 2024 मध्ये दर 160 च्या आसपास गेला आणि त्याच वर्षाच्या मध्यापर्यंत 130 च्या जवळ उतरला. जानेवारीच्या दराने 10,000 डॉलरचे, म्हणजे 16 लाख शिलिंगचे अंदाजपत्रक केलेल्या गटाला जूनमध्ये हप्ता मिळाला, तर हाती येतात 13 लाख. कोणाचीही चूक नसताना तीन लाख गेले. ही तूट कोणी सोसायची आणि दर उलटा फिरला तर जादा पैसे कोणाचे, हे करारात आधीच लिहिलेले असले पाहिजे. माझ्या मते भागीदारीच्या प्रामाणिकपणाची सर्वांत खरी कसोटी हीच, कारण इथे चांगुलपणाला खरोखर किंमत मोजावी लागते.

आता व्हिसा. 11 जून 2024 पासून शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी 90 युरो आहे आणि अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. 2022 मध्ये आफ्रिकेतून आलेल्या अर्जांपैकी सुमारे 30 टक्के नाकारले गेले. उलट जर्मन किंवा फ्रेंच नागरिकाला केनियात जायला जानेवारी 2024 पासून व्हिसाच लागत नाही. सुमारे 30 डॉलर भरून ऑनलाइन परवानगी घेतली की झाले. तरीही निर्णयाच्या बैठका ब्रुसेल्स-बर्लिनमध्येच ठेवल्या, तर नैरोबीची खुर्ची रिकामी राहण्याची शक्यता आधीच पत्करलेली असते. बैठक नैरोबीत घेणे हा साधा उपाय आहे.

थेट पैसे देणे जोखमीचे आणि महागडे असते, हा नेहमीचा आक्षेप. शेअर ट्रस्ट या संस्थेच्या 2022 च्या अभ्यासाने मात्र दाखवले की मधली व्यवस्था स्थानिक संस्थांकडे दिली तर तेच काम 32 टक्के किफायतशीर पडू शकते; फरक मुख्यतः पगार आणि कार्यालयीन खर्चाचा. त्यात आता मदतही घटते आहे: ब्रिटन आपली विकासमदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यांवरून 2027 पर्यंत 0.3 टक्क्यांवर आणणार आहे. पैसा आटणारच असेल, तर पहिली कात्री मधल्या टप्प्यांच्या खर्चाला लागली पाहिजे. केनियातल्या किसुमू किंवा टांझानियातल्या म्वांझातल्या गटाच्या हिशोबनिसाचा पगार सर्वांत शेवटी.