पांच अक्षरांचें कोडें

संगणकावर फावल्या वेळीं कोडीं सोडविणाऱ्या पुष्कळांस वाटतें कीं, असें एखादें कोडें आपणही रचावें. मूळचा वेल्सचा संगणक-अभियंता जॉश वॉर्डल यानें ही हौस पुरी केली, ती आपल्या सहचरीस, पलक शहा यांस, शब्दांचे खेळ आवडत म्हणून.

त्याच्या ‘वर्डल’मध्यें पांच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखावयाचा असतो. अक्षर व जागा दोन्ही बरोबर असल्यास हिरवा रंग उमटतो. केवळ जागा चुकल्यास पिवळा. असे शब्द सुमारें १२,००० निघाले. त्यांतून नित्य परिचयाचे सुमारें २,५०० शहाबाईंनीं निवडले. शिवाय कोडें दिवसास एकच व सर्वांस तेंच. त्यामुळें वीट येत नाहीं आणि घरोघर बोलण्यास विषय मिळतो. १ नोव्हेंबर २०२१ रोजीं खेळणारे अवघे ९० होते. दोन महिन्यांत ते ३ लाखांवर गेले.

मराठींत असें कोडें रचूं पाहणारानें आधीं ठरवावें: ‘का’ हवा असतां ‘कि’ आला, तर तें चूक कीं अर्धें बरोबर? याचा निर्णय यंत्र देत नाहीं; खेळणारा कोण, हें जाणणाराच तो देऊं शकतो.